वाढत्या मापाची सहल

मास्तरांनी उभ्या आयुष्यात एकाही मुलाला त्याच्या मापाचा कपडा शिवून दिला नव्हता. ही त्यांच्यावरची तक्रार नव्हे, ही त्यांची कीर्ती होती. शाळेचे गणवेश शिवणारे शिंपी आणखीही होते, पण आया मुलांचे दंड धरून तडक मास्तरांच्याच दुकानात यायच्या, कारण मास्तर 'वाढत्या अंगाचं' शिवायचे. सहा वर्षांचा मुलगा समोर उभा राहिला की मास्तर टेप लावायचे सहा वर्षांच्या मुलाला आणि कापड कापायचे आठ वर्षांच्या मुलाचं. शाळा सुरू व्हायच्या दिवशी त्या भागातली मुलं घराबाहेर पडली की लांबून वाटायचं, दोरीवरचे कपडेच वारा भरून शाळेला निघालेत. बाह्या बोटांच्या पुढे, चड्ड्या गुडघ्यांच्या खाली, आणि कॉलरमध्ये मान कुठेतरी आत, विहिरीत पडल्यासारखी.

पुढच्या वर्षी तोच गणवेश जरा बरा दिसायचा. आणि मध्येच कधीतरी एक महिना असा यायचा, की कपडा आणि मुलगा एकमेकांना अगदी बरोबर बसायचे. तोवर कोपरं विरलेली असायची आणि बसायच्या जागी कापडाची जाळी झालेली असायची, ते सोडा. मास्तर त्या एका महिन्यावर जगायचे. रस्त्यात असा एखादा मुलगा दिसला की ते सायकल थांबवायचे, त्याला खांद्याला धरून गरकन फिरवायचे आणि म्हणायचे, "बघ! आता कसा बसला!" मुलगा पळून जायचा.

घरातही हाच कायदा. मुलांचे बूट कापूस कोंबून घालायचे. मुलांची खाट घेतली ती सहा फुटी, त्यामुळे दोघं वरच्या टोकाला झोपायची आणि उरलेल्या अर्ध्या खाटेवर त्यांचं भविष्य झोपायचं. स्वतःच्या लग्नातला कोटसुद्धा मास्तरांनी दोन बोटं सैल शिवला होता. पुढे अंग भरेल म्हणून. लग्नाला बारा वर्षं झाली. अंग काही भरलं नाही. कोट कपाटात वाट बघतोय.

"माझं नशीब," त्यांची बायको म्हणायची, "बायको तेवढी मापाची केली. नाहीतर म्हणाले असते, जरा मोठी बघू, पुढे उपयोगी पडेल."

अशा माणसाच्या हातात थीम पार्कचं माहितीपत्रक पडलं, आणि गोष्ट सुरू झाली.

ते आणलं शेजारच्या गाळ्यातल्या इस्त्रीवाल्याने. त्याला सगळे चटका म्हणत. इस्त्रीमुळे म्हणत की जिभेमुळे, हे म्हणणाऱ्यावर अवलंबून होतं. एका रविवारी दुकान बंद ठेवून चटका तिन्ही पोरांना घेऊन पार्कात गेला आणि सोमवारी नाक सोललेल्या अवस्थेत, खूश होऊन कामावर आला.

"कधी ठरवलंस?" मास्तरांनी विचारलं.

"ठरवायचं काय त्यात? पोरं उठली, दात घासले, म्हटलं चला."

"आणि आत गेल्यावर?"

"आत गेल्यावर काय, आत गेलो! जे दिसलं त्यात बसलो. एकदा दोन नंबरचं पोरगं हरवलं, मग सापडलं. मजा आली."

खडूची खूण न करता कापडात कात्री घालणाऱ्याकडे बघावं तसं मास्तरांनी चटक्याकडे बघितलं. मग माहितीपत्रक घडी घालून खिशात टाकलं. जबाबदार माणसाने ही गोष्ट आपल्या हातात घ्यायला हवी होती.

घरी त्यांनी ते कापायच्या टेबलावर पसरलं आणि चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली. पार्कात सत्तावीस राइड होत्या. सगळ्यांत मोठी 'लाल अजगर'. आकाशात वेटोळी घालून डोक्यावर आपटायला येणारा रूळ, आणि त्यावर गाडीत तोंडं वासलेली माणसं. खाली लिहिलं होतं, उंची किमान एकशे वीस सेंटीमीटर. सगळ्यांत छोटी 'बदकांचं तळं'. गुडघाभर पाण्यात पिवळी बदकं, प्रत्येकाच्या पाठीत एक बैठक, आणि मानेला एक खरीखुरी घंटा. दोरी ओढली की वाजणारी.

त्या घंटेवर मास्तरांच्या धाकटीचा जीव जडला. धाकटीला घरात बटण म्हणत. तेव्हा ती तीन वर्षांची होती, गोल होती आणि कुठेही निसटून कोचाखाली जायची. तिने चित्रावर बोट ठेवून विचारलं, "ही घंटा मी वाजवायची?"

"तूच," मास्तर म्हणाले.

"कधी?"

"जाऊ की."

बटणने ते वचन समजून घेतलं आणि वचनाची नोंद म्हणून, मास्तर हात धुवायला गेले तेवढ्यात, त्यांची मोठी कात्री दोन्ही हातांनी धरून ते बदक पत्रकातून कापून घेतलं. कापलंही झकास, चोचीसकट. शिंप्याची पोर. मास्तर आधी ओरडले, मग कात्रीची वळणं बघून मनात खूश झाले. पत्रकात बदकाच्या आकाराचं भोक राहिलं आणि बदक गेलं बटणच्या उशीखाली.

आता वाचकांना सांगून ठेवायला हरकत नाही, कारण त्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या बदकाच्या पाठीमागे, पत्रकाच्या दुसऱ्या बाजूची एक बारीक ओळ छापलेली होती. 'बदकांचं तळं: फक्त शंभर सेंटीमीटरपर्यंतच्या बालकांसाठी.' ती ओळ बदकाबरोबर कापली गेली आणि उशीखाली पालथी पडून राहिली.

मास्तरांचं लक्ष होतं थोरल्याकडे. थोरला साडेपाच वर्षांचा, बारीक, शहाणा, आणि तेव्हा एकशे नऊ सेंटीमीटर.

"हे बघ," मास्तर बायकोला समजावू लागले. "तिकीट एकच. आत्ता गेलो तर ह्याला अकरा राइड मिळणार. एकशे वीस झाला की सत्तावीसच्या सत्तावीस. मग अकरासाठी कशाला जायचं?"

"मजा करायला."

"मजा अकरातही तेवढीच आणि सत्तावीसमध्येही तेवढीच, असं आहे का?"

"आणि बटण?"

"बटणचं काय! बदक कुठे पळून जातंय? तळ्यातच आहे ते."

मास्तरांचा असा ठाम समज होता की जग आहे तिथे थांबतं आणि मुलं तेवढी वाढतात. समज अर्धा बरोबर होता. मात्र मुलं म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर एकच मूल होतं.

तयारी सुरू झाली. मापाच्या वहीचं शेवटचं पान सहलीला दिलं गेलं. नऊ वाजून दहा: फाटक. साडेनऊ: मोठा पाळणा. सव्वादहा: बटण, शू. पावणेअकरा: लाल अजगर (रांग कमी). अकरा: बदक, चार मिनिटं.

"आणि तिला दहालाच लागली तर?" बायकोने विचारलं.

"नाही लागणार. घरून निघताना नेऊन आणायचं."

"तिला सांगून ठेवा तसं."

सहलीसाठी म्हणून बटणला पिवळ्या कापडाचा फ्रॉक शिवला. अर्थात आजच्या बटणसाठी नव्हे, सहलीच्या दिवशीच्या बटणसाठी. खालच्या घेराला आतून तीन दुमडी घालून ठेवल्या, एकावर एक. ती उंच होत जाईल तशी एकेक सोडायची. फ्रॉकला पोटाशी एक खिसा, बदक ठेवायला. घालून बघायला दिला तेव्हा घेर इतका जड झाला होता की ती वळली तरी फ्रॉक मागाहून वळायचा.

मग चौकट आली. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर मास्तर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला थोरल्याला उभं करत, डोक्यावर पट्टी आडवी धरत आणि खडूने रेघ मारत. टेपची सेंटीमीटरची बाजू पंचवीस वर्षांत त्यांनी कधी वापरली नव्हती, ती आता वापरून वापरून पुसट झाली.

"ताठ उभा राहा!"

"ताठच आहे."

"गुडघे बघ! गुडघे सरळ कर. आणि मान काय आत घेतलीयस कासवासारखी? अजगरात बसायचंय तुला!"

थोरला चौकटीला पाठ लावायचा. पट्टी डोक्याला लागली की त्याचे गुडघे आपोआप मऊ पडायचे. मास्तरांनी त्यावर दूध वाढवलं, त्याला दाराच्या आडव्या दांडीला लटकवलं, आणि चटक्याजवळ तक्रार केली की हल्लीच्या पोरांच्या हाडांत दमच नाही.

"मास्तर," चटका इस्त्रीत निखारे भरत म्हणाला, "पार्कात जायला निघालायत की पोराला सैन्यात भरती करताय?"

"तुला नाही कळायचं. योजना लागते."

"माझी पोरं ह्या वर्षात दोनदा जाऊन आली. धाकटं तर बदकातून उतरायलाच तयार नव्हतं. शेवटी तिथे कामाला असलेल्या मुलीने घंटाच काढून घेतली."

हे बटणने ऐकलं. ती दुकानाच्या पायरीवर चिंध्या वेचत बसली होती. दुपारी तिने आईला विचारलं, "सगळ्या घंटा काढून नाही ना घेतल्या?"

सहलीची पहिली तारीख ठरली तेव्हा थोरला एकशे बारा भरला. पुढे ढकलली. दुसरी ठरली तेव्हा एकशे पंधरा. पुढे ढकलली. दर वेळी मास्तर फ्रॉकची एक दुमड उसवत, घेर खाली सोडत, इस्त्री करून आणत आणि म्हणत, "बघ, अजून घालताच आला नाही, तरी बसतोय! ह्याला म्हणतात माप." आणि दर वेळी बटण विचारायची, "कधी?" आणि दर वेळी मास्तर म्हणायचे, "दादा मोठा झाला की." आपण दर वेळी फ्रॉक का सोडतोय, हा प्रश्न दोरा उसवताना त्यांच्या मनात एकदाही आला नाही. शिंप्याचं लक्ष टाक्यावर असतं.

असं दीड वर्ष गेलं. शेवटी एका शुक्रवारी बायकोने हातातलं लाटणं खाली ठेवलं. ठेवलं, आपटलं नाही. म्हणूनच मास्तर घाबरले.

"ह्या रविवारी जायचं. नाहीतर मी पोरांना घेऊन चटकाभावजींच्या बरोबर जाते. ते परवा जाणारच आहेत."

"अगं, एकशे अठराच आहे तो! दोन सेंटीमीटरसाठी..."

"दोन सेंटीमीटर तुम्ही शिवून जोडा."

मास्तरांनी हा टोमणा कामाची सूचना म्हणून घेतला. शनिवारी सकाळी ते थोरल्याचे बूट घेऊन चांभाराकडे गेले आणि तळाला दोन सेंटीमीटरचा जादा सोल ठोकून आले. संध्याकाळी थोरल्याला बुटासकट चौकटीत उभं केलं. एकशे वीस! मास्तरांनी त्याला मिठीच मारली. थोरला त्या बुटांवर ओट्यावर चढल्यासारखा उभा होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. आनंदाने, असं मास्तरांना वाटलं.

रविवारी सगळं वहीप्रमाणे झालं. म्हणजे बस वहीप्रमाणे आली नाही, बटणला शू वहीप्रमाणे लागली नाही आणि केळी पिशवीत वहीप्रमाणे टिकली नाहीत, पण नऊ दहाच्या ऐवजी पावणेदहाला का होईना, मंडळी फाटकाशी पोचली. मास्तरांच्या गळ्यात टेप होताच. तो ते आंघोळीलाच काय तो काढत.

बटणने पिवळा फ्रॉक घातला होता. शेवटची दुमड शुक्रवारीच सोडली होती. खिशात बदक होतं, घड्या पडून मऊ झालेलं. ती वाटभर एकदाही "कधी?" म्हणाली नव्हती. आज विचारायची गरज नव्हती.

फाटकाच्या आत एक खांब होता, उंचीच्या खुणा रंगवलेला. पायाशी हिरवी चटई आणि शेजारी टोपी घातलेली एक तरुण मुलगी. ती एकेका मुलाला खांबाला उभं करायची आणि मनगटात कागदी पट्टी अडकवायची. शंभरपर्यंत पिवळी पट्टी, त्यांना बदकं आणि तसलं सगळं बाळांचं. एकशे वीसच्या वर लाल, त्यांना अजगर. मधल्यांना निळी, म्हणजे ना इकडचे ना तिकडचे. ह्या पट्टीवालीचा शब्द तिथे अखेरचा होता.

थोरल्याची पाळी आली.

"बूट काढ बाळा, आणि चटईवर उभा राहा."

"बूट?" मास्तर म्हणाले. "बूट कशाला? आत काय अनवाणी फिरणार आहे तो?"

"सगळ्यांचे काढतो, काका."

दीड वर्षाची योजना आणि चांभाराची मजुरी बाजूला काढून ठेवल्यासारखे ते बूट खांबाशी उभे राहिले. बुटांतला थोरला खाली उतरला. बराच खाली. मास्तरांनी डोळे मिटले.

"एकशे वीस," पट्टीवाली म्हणाली. "अगदी काठावर, पण चालेल."

मास्तरांनी डोळे उघडले. आज सकाळी अनवाणी एकशे अठरा असलेलं पोरगं एकशे वीस? ते टाचा नीट टेकल्यात का बघायला खाली वाकले, हात चटईवर टेकला, आणि त्यांच्या बोटांना उत्तर मिळालं. कापड चिमटीत धरून जाडी सांगणारी ती बोटं. चटई जाड होती. रबराची, टणक, भरपूर दोन सेंटीमीटर. खांबाच्या खुणा फरशीपासून रंगवलेल्या होत्या आणि चटई मागाहून आणून टाकलेली होती. पार्कातल्या एकूण एक मुलाला दोन सेंटीमीटर फुकट मिळत होते.

काम करताना मास्तर ओठांत टाचण्या धरायचे. तसंच त्यांनी आत्ता तोंड गच्च मिटलं आणि सरळ उभे राहिले. थोरल्याच्या हातात लाल पट्टी पडली. पकडून नेल्यासारखा तो बाजूला जाऊन उभा राहिला.

"आता तू ये, छोटी."

बटण खांबाला पाठ लावून उभी राहिली. ताठ. टाचा, पाठ, डोकं, सगळं खांबाला चिकटवून. बाबा दादाला सांगायचे ते दीड वर्ष तिने ऐकलं होतं.

"एकशे एक आणि वर थोडंसं," पट्टीवाली म्हणाली आणि निळी पट्टी उचलली.

"मला पिवळी," बटण म्हणाली. "मला बदकात बसायचंय."

"बदक शंभरपर्यंतच, राणी. तू आता मोठी झालीस."

ही बातमी बटणला नवी होती. घरात मोठा होत होता तो दादा. तिने खिशातून बदक काढलं आणि पट्टीवालीपुढे धरलं, पावती दाखवावी तसं. पट्टीवालीने ते हातात घेतलं, उलटं केलं आणि मास्तरांच्या समोर धरलं.

"हे बघा ना काका, इथेच छापलंय."

मास्तरांनी वाचलं. दीड वर्षात पहिल्यांदा. त्यांच्या वहीत बदकासाठी अकरा ते अकरा चार अशी वेळ होती, शेजारी कंसात 'सावली' असंही लिहिलेलं होतं.

बायकोने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि मास्तरांकडे बघितलं.

बटण रडली नाही. तिने थोडा विचार केला आणि हळूच म्हणाली, "मग मी वाकून उभी राहू? दादा घरी राहतो तशी?"

सगळ्यांनी थोरल्याकडे बघितलं. थोरल्याने बुटांकडे बघितलं.

मास्तर तिला समजवायला गुडघ्यांवर बसले. गुडघ्यांवर बसल्यावर डोळ्यांसमोर आला तो फ्रॉकचा घेर. पिवळ्या कापडावर तीन आडव्या रेघा होत्या, तीन सोडलेल्या दुमडींच्या. इस्त्रीने जात नाहीत त्या. मूळची शिवण होती ती रेघ कुठे आणि आता घेर कुठे! मधे वीतभर पोर वाढली होती. प्रत्येक रेघ त्यांनी स्वतःच्या हाताने उसवली होती, दोरा ओढून, फुंकर मारून. चौकटीवरच्या थोरल्याच्या रेघा त्यांना पाठ होत्या. ह्या तीन त्यांनी आज बघितल्या.

मागे रांग वाढत होती. पट्टीवाली निळी पट्टी घेऊन थांबली होती. मास्तरांनी एकदा थोरल्याच्या लाल पट्टीकडे बघितलं. अजगरासकट सगळ्या मोठ्या राइड! एकशे नऊपासून एकेक सेंटीमीटर करून वाढवलेली. त्यांना पुरतं ठाऊक होतं की चटई उचलली तर ती एकट्या बटणसाठी उचलली जाणार नाही.

मग त्यांनी ओठांतल्या टाचण्या काढल्या.

"ताई, तुमची चटई खोटी आहे."

"काय?"

"दोन सेंटीमीटर जाड आहे. खुणा फरशीवरून मारल्यात. तुमची सगळी मापं वाढीव आहेत." आणि वाढीव हा शब्द शिवी दिल्यासारखा उच्चारणारा हा आयुष्यातला पहिलाच प्रसंग असल्यामुळे ते स्वतःच जरा दचकले.

"काका, रोज शेकडो मुलं मोजते मी."

"आणि पंचवीस वर्षं मीही पोरंच मोजतोय!" मास्तरांनी गळ्यातला टेप ओढला. "उचला ती चटई."

"ओ भाऊ, चला ना पुढे!" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

"थांबा हो, बरोबर बोलतायत ते," दुसरा म्हणाला, कारण त्याच्याही कडेवर निळ्या पट्टीचं एक रडणारं पोरगं होतं.

चटई उचलली गेली. खाली धूळ, दोन नाणी आणि कुणाची तरी हरवलेली केसांची पिन निघाली. मास्तरांनी टेपचं टोक फरशीवर अंगठ्याने दाबलं, बटणच्या डोक्यावर वही आडवी धरली, तीच सहलीची वही, आणि माप वाचलं. मग पट्टीवालीला वाचायला लावलं.

"साडेनव्व्याण्णव," ती म्हणाली. मग हसली. "पुढच्या महिन्यात आला असतात तर गेलंच होतं, काका."

तिने बटणच्या मनगटात पिवळी पट्टी अडकवली. आणि मग, नोकरी ती नोकरी, थोरल्याकडे वळली.

"मग ह्यालाही परत उभं करावं लागेल."

मास्तर थोरल्यासमोर उभे राहिले. "हे बघ... वाईट वाटून घेऊ नकोस. चूक चटईची आहे. पुढच्या वर्षी आपण नक्की..."

पण थोरल्याने हात केव्हाच पुढे केला होता. "काढा," तो पट्टीवालीला म्हणाला. "लवकर काढा. मोजू नका, एकशे अठराच आहे मी."

"अरे पण अजगर..."

"मला नाही बसायचं त्यात."

"आता असं म्हणतोयस, पण..."

"आता नाही. आधीपासूनच. मला भीती वाटते त्याची."

"दीड वर्ष?" मास्तरांचा आवाज चिरकला. "मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही म्हणायचात, ताठ उभा राहा."

निळी पट्टी हातात पडताच थोरला खरोखरच ताठ उभा राहिला. मास्तरांच्या सरावलेल्या डोळ्यांना दिसलं की गुडघे सरळ, मान वर. अर्धा सेंटीमीटर तर तिथल्या तिथे वाढला.

बायकोला आता हसू फुटलं, आणि फुटलं ते आवरेना. पिशवी खाली ठेवून, पदर तोंडाला लावून ती हसत राहिली. "म्हणजे ज्याच्यासाठी थांबलो त्याला जायचं नव्हतं," ती म्हणाली, "आणि जिला जायचं होतं तिचं वय उसवत बसलो. वा, मास्तर! काय कापलंय!"

बटणने मात्र कुणाची वाट बघितली नाही. ती तळ्याकडे धावत सुटली होती. बदकात बसली तेव्हा तिचे गुडघे बैठकीच्या काठाला लागत होते, जेमतेम मावली. शेजारच्या बदकातली मुलं तिच्याहून पुष्कळ छोटी होती. तिला त्याची फिकीर नव्हती. तिने दोरी ओढली. घंटा वाजली. तिने परत ओढली. मास्तरांच्या वहीत बदकाला चार मिनिटं होती. चार मिनिटं झाली, ती उतरली, पळत जाऊन रांगेच्या शेवटी उभी राहिली आणि परत बसली. असं सात वेळा झालं. मास्तर कठड्याला धरून उभे होते. चौथ्या फेरीनंतर त्यांनी वही पिशवीत टाकली, केळ्यांच्या लगद्यात.

"बाबा," थोरला निळ्या पट्टीच्या सगळ्या राइड करून आला होता, केस विस्कटलेले, चेहरा लाल. "तुमचं तिकीट मोठं आहे ना? मग अजगरात तुम्ही जा."

"मी? मी कशाला?"

"जा की," बायको म्हणाली. "तुमची उंची तर भरतेय. सत्तावीसमधली एक तरी वसूल करा."

"ह्या वयात..."

"ताठ उभे राहा," थोरला म्हणाला.

मास्तर गेले. अजगराच्या दाराशी गळ्यात काही लटकतं ठेवायला मनाई होती, म्हणून टेप काढावा लागला. तो त्यांनी बटणच्या गळ्यात घातला. दोन पदर तिच्या पायांपर्यंत आले.

अजगराने मास्तरांना गिळलं, तीन वेटोळ्यांतून फिरवलं, एकदा उलटं धरलं आणि अडीच मिनिटांत परत आणून दिलं. वरून त्यांना खालचं तळं दिसलं असतं, पिवळे ठिपके दिसले असते, पण मास्तरांनी डोळे उघडले असते तर. सगळ्यांच्या किंकाळ्यांत एक आवाज खालपर्यंत ओळखू आला. तो ओरडत होता, "पुरे! पुरे! बसलं बरोबर, उतरवा!"

ते बाहेर आले तेव्हा चालत होते असं म्हणवत नाही. समोरच्या बाकावर ते पोत्यासारखे कोसळले, हनुवटी छातीत गेली, खांदे पोटात उतरले. बायकोने पाणी दिलं. थोरल्याने अत्यंत समजूतदारपणे पाठ थोपटली.

बटण टेप ओढत पुढे आली. एक टोक तिने जमिनीवर टाकून त्यावर पाय दिला, बाबा द्यायचे तसा, आणि टाचा उंचावून टेप बाबांच्या डोक्यावर नेला. तेवढ्यात खालचं टोक पायाखालून सुटून वर आलं होतं. तिने आकडा शोधला आणि दादाला दाखवला.

"एक्क्याण्णव," थोरल्याने वाचलं.

"बरोबर वाचलास?" बायकोने विचारलं.

"हो. एक्क्याण्णव सेंटीमीटर. बाबा कमी झाले."

मास्तरांना पंचवीस वर्षांच्या इभ्रतीखातर सांगायचं होतं की बसलेल्या माणसाची उंची अशी घेत नाहीत, आणि टेपचं टोक जमिनीला टेकलेलं नाही. पण तोंड उघडलं असतं तर भलतंच काही बाहेर आलं असतं. त्यांनी ते मिटूनच ठेवलं.

बटणने मोठ्या माणसासारखा विचार केला. शंभरपर्यंत म्हणजे पिवळी पट्टी. तिने आपला छोटा हात बाबांच्या घामेजलेल्या हातात घातला आणि ओढलं.

"मग चला," ती म्हणाली. "तुम्हाला बदक चालतंय."